पलटणीनं काय दिलं आणि काय नेलं

आपल्या सभांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. एक जानेवारी असो की चौदा एप्रिल, वक्ता तापला की म्हणतो, 'आपण लढवय्यांची औलाद आहोत.' टाळ्या पडतात. मीही वाजवतो. पण टाळी वाजवून झाली की एक प्रश्न तसाच उरतो. लढवय्ये होतो ना? मग एवढ्या लढाया लढून पदरात काय पडलं? आणि जे पडलं ते लढाईनं पाडलं, की आणखी कशानं?

हा प्रश्न मी रत्नागिरी जिल्ह्यात बसून विचारतोय. युद्ध माणसाला काय देतं आणि काय नेतं, याचा हिशेब इथं जेवढा स्वच्छ मांडता येतो तेवढा फार थोड्या ठिकाणी येईल. आंबडवे याच जिल्ह्यातलं. दापोली याच जिल्ह्यातली. पलटणीत गेलेल्या आणि पलटणीतून हाकललेल्या माणसांचा हा मुलूख. आणि हिशेब मांडायला लागणारं हत्यारही आपल्याच घरात पडलेलं आहे. बाबासाहेबांनी १९१८ साली एका पुस्तकाचं परीक्षण लिहिलं, त्याचा एक मोठा भाग युद्धाविषयी आहे. महाराष्ट्र सरकारनं १९७९ साली बाबासाहेबांच्या लेखनाचा पहिला खंड काढला, त्यात ते छापलेलं आहे. खंड आपल्या कपाटात असतो. हार घालायच्या दिवशी आपण त्याच्यावरची धूळ पुसतो. हे परीक्षण मात्र कुणी उघडत नाही. मला त्याच्याविषयी लिहायचं आहे.

पुस्तक बर्ट्रांड रसेलचं. पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना या इंग्रज तत्त्वज्ञानं युद्धाविरुद्ध तोंड उघडलं. १९१६ साली त्याला दंड झाला, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातली जागा गेली, १९१८ साली सहा महिन्यांची कैद झाली. त्याच १९१६ साली 'प्रिन्सिपल्स ऑफ सोशल रिकन्स्ट्रक्शन' हे पुस्तक निघालं. अमेरिकेत ते 'व्हाय मेन फाइट' या नावानं गेलं. माणसं का लढतात? रसेलचं उत्तर असं की माणसं फायद्या-तोट्याचा हिशेब करून लढत नाहीत, ऊर्मीनं लढतात. ऊर्मी दोन जातीच्या. एक निर्माण करणारी: गाणं रचावं, शेत पिकवावं, मूल वाढवावं. दुसरी बळकावणारी: जे आहे ते माझ्या मुठीत राहावं, दुसऱ्याला मिळू नये. राज्य, युद्ध आणि मालमत्ता ही या दुसऱ्या ऊर्मीची मोठी घरं. म्हणून युद्ध ही कुणा एका राजाची लहर नव्हे. ती शाळेसारखी, लग्नासारखी समाजानं उभी केलेली संस्था आहे. ती मोडायची तर माणसातली ऊर्मी मारून भागणार नाही, तिला दुसरी वाट काढून द्यावी लागेल.

बाबासाहेब तेव्हा सत्तावीस वर्षांचे. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतलेले. बडोदे दरबारानं त्यांना लष्करी सचिवाची जागा दिली. आणि त्या लष्करी सचिवाला बडोदे शहरात राहायला खोली मिळाली नाही! खोटं नाव सांगून पारशी खानावळीत राहावं लागलं, तिथूनही माणसं काठ्या घेऊन आली. या अपमानानंतर वर्षभरातच त्यांनी 'मिस्टर रसेल अँड द रिकन्स्ट्रक्शन ऑफ सोसायटी' हे परीक्षण अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात लिहिलं. त्यात बडोद्याचा शब्द नाही, महार पलटणीचा शब्द नाही, वडिलांच्या सुभेदारीचा शब्द नाही. भाषा थंड, प्राध्यापकी. पण ज्याला चटका बसलाय त्याची नजर त्या थंड भाषेतही लपत नाही.

त्यांना धास्ती आहे ती रसेलची नाही, रसेल वाचणाऱ्या इथल्या पांढरपेशा वाचकाची. हा वाचक लगेच म्हणणार: पाहा, पश्चिमेचा पंडितसुद्धा युद्धाला विटला. आमचे ऋषी आधीच सांगून गेले होते. शांत बसा, इच्छा मारा, जे आहे ते सोसा, हाच खरा मार्ग! बाबासाहेब इथं त्याचा हात धरतात. रसेल युद्धाच्या विरुद्ध आहे, पण तो गप्प बसायला सांगत नाही. हालचाल हीच वाढीची अट आहे. जो हलत नाही तो वाढत नाही. आणि हलायचं म्हटलं की जोर लागणारच. मग कोलंबियातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांनी केलेला एक भेद ते पुढं ठेवतात. जोर वाईट नसतो. जोर ऊर्जा म्हणून वापरता येतो, हिंसा म्हणून वापरता येतो. जे साधायचं ते साधतो आणि कमीत कमी नासधूस करतो तो जोर ऊर्जा. नुसती नासधूस करतो तो हिंसा. म्हणजे 'लढायचं की नाही' हा प्रश्नच अर्धवट आहे. जोर कशासाठी, कुणाच्या हुकमानं आणि खर्ची कोण पडतो, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

परीक्षणात एक मतभेदही आहे आणि कोकणातल्या माणसानं तो नीट वाचावा. रसेल पैशाच्या आणि मालमत्तेच्या हव्यासाला माणुसकी खुंटवणारा रोग म्हणतो. बाबासाहेब इथं मान डोलवत नाहीत. जगात उत्पादनच कमी होतं, बहुतेकांच्या नशिबी ओढाताणच होती, त्या काळात नीतिवाल्यांनी गरिबीचे गोडवे गायले तर नवल नाही. पण ज्याला काहीच मिळालं नाही त्यानं काहीतरी मागणं हा रोग कसा? खोताची जमिनीवरची मूठ आणि कुळाची हातभर जमिनीची भूक या दोन्हींना एकच 'लोभ' हे नाव देता येत नाही. पुढं १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडण्याचं बिल आणलं. त्याचं बी मला या परीक्षणात दिसतं.

आता हे हत्यार घेऊन आपल्या मुलखात येऊ.

१ जानेवारी १८१८. कोरेगाव. कंपनीच्या एका छोट्या तुकडीनं पेशव्याच्या मोठ्या फौजेला दिवसभर अडवून धरलं. स्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' हा शेवट असलेली बावीस नावं मोजतात. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले, आणि ज्या माणसांना गावानं वेशीबाहेर ठेवलं त्यांची नावं दगडावर आहेत, हे त्यांनी समाजाला दाखवलं. ते दाखवणं गरजेचं होतं. जो समाज स्वतःला माणूस मानायलाही भितो त्याला आधी पाठीचा कणा द्यावा लागतो. या अभिमानाविरुद्ध मला एक अक्षर लिहायचं नाही. २०१८ साली दोनशे वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी तिथं आपल्या माणसांवर दगड पडले. तो स्तंभ कुणाला अजून खुपतो ते तेवढ्यावरून कळतं.

पण बाबासाहेब स्तंभापाशी थांबले नाहीत. पुढं काही वर्षांतच 'अनटचेबल्स अँड द पॅक्स ब्रिटानिका' या लिखाणात त्यांनी इंग्रजांकडं हिशेब मागितला. अस्पृश्यांच्या पलटणींच्या बळावर तुम्ही हा देश घेतलात, मग त्या अस्पृश्यांसाठी केलंत काय? त्या हिशेबात धारवाडचा दाखला आहे. १८५६ साली एका महार मुलानं धारवाडच्या सरकारी शाळेत नाव घालायचा अर्ज केला. सरकारचा निर्णय काय, तर न्याय मुलाच्या बाजूनं असेल, पण एकट्यासाठी बाकीची शाळा रिकामी करता येत नाही. कोरेगावला अडतीस वर्षं झाली होती. पेशवाई बुडवायला महार चालला, सरकारी शाळेच्या बाकावर चालला नाही. लढाईनं राज्य बदललं, बाकाची रांग बदलली नाही. युद्ध काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, हे समजून घ्यायला यापेक्षा मोठा ग्रंथ वाचायला नको.

मग पलटणीनं काहीच दिलं नाही का? दिलं. इथं दापोलीकडं यावं लागतं. इंग्रजांनी हा मुलूख घेतल्यावर दापोलीला छावणी घातली. म्हणून कॅम्प दापोली, लोकांच्या तोंडी काप दापोली. निवृत्त महार शिपाई, हवालदार, सुभेदार तिथं पेन्शनी खात राहिले. पलटणीत गेलेल्या माणसाला महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळे. गावकीची वेठ चुके. मेलेलं जनावर ओढायला कुणी हाक मारत नसे. अंगावर धड कपडा आणि पायात बूट आले. आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट, लिहिणं-वाचणं आलं. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं, मुलींनासुद्धा. सुभेदार रामजी सकपाळ हे महूच्या लष्करी शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर होते. म्हणजे ज्या काळात गावच्या शाळेत महाराच्या पोराला ओसरीवरही बसू देत नव्हते, त्या काळात एक महार माणूस शाळा चालवत होता. छावणीच्या तारेच्या आत, एवढंच.

पण माझ्या मुद्द्याचं ओझं या 'आत'वर आहे. छावणीच्या आत माणूस, बाहेर महार. युद्धाची गरज असेतोवर आत, गरज सरली की बाहेर. १८५७ नंतर इंग्रजांनी फौजेची फेरमांडणी सुरू केली. उत्तरेकडच्या काही जातीच तेवढ्या जन्मजात लढाऊ, बाकीच्या नाहीत, असं शास्त्र त्यांनी रचलं. जातीचं हे नवं शास्त्र मनुस्मृतीला चांगलंच शोभलं असतं! १८९२ च्या सुमाराला महारांची भरती बंद झाली. ज्यांनी सत्तर-पंचाहत्तर वर्षं गोळ्या झेलल्या त्यांना एका हुकमानं सांगण्यात आलं, तुम्ही लढाऊ नाही.

याच काळात रत्नागिरी शहरात दुसरा एक माणूस राहत होता. ब्रह्मदेशचा राजा थिबा. १८८५ च्या युद्धात तो हरला, १८८६ साली इंग्रजांनी त्याला इथं आणून ठेवलं. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, १९१६ साली तो इथंच वारला. त्याचं दुःख मी हलकं लेखत नाही. परक्या मुलखात देश गमावून तीस वर्षं काढणं सोपं नाही. पण हिशेब पाहा. त्याला हरवणाऱ्या फौजेत गोऱ्यांपेक्षा हिंदी शिपाई जास्त होते. हरलेल्या राजाला इंग्रजानं तनखा आणि राजवाडा दिला. आणि इंग्रजांसाठी लढत आलेल्या जातीच्या तोंडावर, राजा रत्नागिरीत असतानाच, भरतीचं दार आपटलं. युद्धात राजा हरला तरी राजा राहतो. शिपाई जिंकला तरी त्याची जात जात नाही. थिबा पॅलेस बघायला पर्यटक येतात. तिथं उभं राहून याचा विचार कोण करतो?

दार बंद झालं, मग १९१४ चं महायुद्ध आलं. माणसं कमी पडली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ साली ती मोडली. एका पलटणीचं आयुष्य चार वर्षं! पुन्हा दुसरं महायुद्ध, पुन्हा गरज. हवं, नको, हवं, नको. खळ्यावरच्या बैलासारखं, मळणी संपली की दावणीला.

मग प्रश्न हा की दार आपटल्यावर दापोलीच्या पेन्शनरांनी काय केलं? बंदूक तर काढून घेतली होती. त्यांनी शाई घेतली. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे, पलटणीतून १८८६ साली निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. १८८८ साली त्यांचं 'विटाळ विध्वंसन' आलं. त्यात त्यांनी सवर्णांना सव्वीस प्रश्न विचारले. 'अनार्य दोषपरिहारक मंडळ' उभं केलं. भरती बंद झाली तेव्हा १८९४ च्या सुमाराला सरसेनापतीला द्यायच्या अर्जाचा मसुदा याच मंडळातून निघाला. ज्या वर्षी शिपायाला सांगितलं जातं की तू लढाऊ नाहीस, त्याच्या आगेमागे तो शिपाई साऱ्या हिंदू समाजाला जाहीर सवाल करत होता. आता सांगा, लढाई कोणती खरी?

समीक्षा करायची तर आपल्या पूर्वजांचीही केली पाहिजे. त्या अर्जात म्हटलं आहे की महार हे मूळचे क्षत्रिय, दुष्काळात अभक्ष्य खाल्लं म्हणून खाली ढकलले गेले. ज्या माणसानं विटाळाची मुळं खणली त्यालाही फौजेत परत जागा मागताना क्षत्रियपणाचं उसनं पागोटं डोक्यावर घ्यावं लागलं. का? कारण सरकारनं प्रश्नच तसा टाकला होता: तुम्ही कोणत्या जातीचे? लढाऊ की बिगरलढाऊ? ज्याला लढाईतून मान मिळवायचा असतो त्याला लढाईच्या मालकाची मोजपट्टी घ्यावीच लागते. शौर्याच्या भाषेतला हा सापळा आहे. आपल्या भाषणांतून तो अजून सुटलेला नाही. 'आम्हीच खरे क्षत्रिय' असं आपल्यातला कुणी बोलला की मला तो अर्ज आठवतो. वलंगकरांना मी माफ करतो. त्यांच्यापुढं दुसरी वाट नव्हती. आपल्यापुढं आहे.

त्या वाटेचं नाव महाड. दापोलीहून फार लांब नाही. मार्च १९२७ च्या परिषदेला आजूबाजूचे लोक मोठ्या संख्येनं आले, त्यात पलटणीतून आलेले बरेच होते. लष्करभरती बंद झाल्यानं आपला समाज कसा मागं पडला, हे बाबासाहेबांनी तिथल्या भाषणात मांडलं. २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं. मग सवर्णांनी परतणाऱ्या लोकांवर हल्ला केला, जेवणं मातीत मिसळली, डोकी फुटली. आता आठवा, तिथं कोण होतं. ज्यांनी बंदुका चालवल्या होत्या अशी माणसं होती. उलटून पडायची ताकद होती, संतापही होता. ती माणसं एका शब्दाची वाट पाहत होती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. आणि लोक थांबले.

मी या थांबण्याला १९१८ च्या परीक्षणाचं प्रात्यक्षिक म्हणतो. भिऊन थांबणारी ती माणसं नव्हती. पलटणीनं शिकवलेली शिस्त तिथं पहिल्यांदा स्वतःच्या समाजाच्या हुकमाखाली आली. आजवर तो जोर कंपनीसाठी खर्ची पडला, राणीसाठी खर्ची पडला. महाडला तो आपल्या माणुसकीसाठी राखला गेला. त्या दिवशी दहा-वीस डोकी फोडली असती तर ती हिंसा झाली असती. पोलिसांना निमित्त मिळालं असतं आणि तळ्याचा प्रश्न दंगलीच्या प्रकरणात बुडाला असता. त्याऐवजी डिसेंबरात लोक पुन्हा आले, २५ तारखेला मनुस्मृती जाळली, तळ्याचा दावा कोर्टात चालत राहिला आणि १९३७ साली हायकोर्टात आपल्या बाजूनं लागला. दहा वर्षं! लढाई एका दिवसाची असते, तिचं गाणं करणं सोपं जातं. दहा वर्षांच्या कोर्टाच्या तारखांचं गाणं कोण करणार? पण तळं त्या तारखांनी आपल्या बाजूला आणलं.

इथं एक जण उठून विचारेल, मग १९४१ साली बाबासाहेबांनी महारांना फौजेत जा असं का सांगितलं? प्रश्न रास्त आहे. त्या वर्षी ते संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. त्याच काळात सावरकरही हिंदूंना फौजेत जा म्हणून सांगत होते. ते १९२४ ते १९३७ आपल्या रत्नागिरीतच स्थानबद्ध होते, १९३१ चं पतितपावन मंदिर त्याच काळातलं. दोघांनी भरतीच्या एकाच रांगेत उभं राहायला सांगितलं, म्हणून दोघांचं म्हणणं एकच, असं आपल्याकडचे काही शहाणे लिहितात. रांग एक असेल, प्रश्न दोन होते. सावरकरांना हिंदूंचं लष्करीकरण हवं होतं. हातात शस्त्र आलं की हिंदू राष्ट्र बळकट होईल, हा त्यांचा हिशेब. बाबासाहेबांचा हिशेब वेगळा. हिटलरची नाझीशाही म्हणजे वंशाच्या उच्चनीचतेचं राज्य, ते जिंकलं तर आपल्यासारख्यांना जगाच्या पाठीवर जागा नाही. आणि १८९२ साली आपटलेलं दार उघडायचं तर हीच वेळ. एकाला युद्धातून राष्ट्राची ताकद काढायची होती. दुसऱ्याला युद्धातून माणसाचा हक्क वसूल करायचा होता.

आणि या खेपेला दार पुन्हा बंद झालं नाही, हे ध्यानात घ्या. युद्ध संपलं, रेजिमेंट राहिली. १९४६ साली तिची मशिनगन रेजिमेंट झाली. तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे आणि आता तिच्यात इतर समाजांचेही जवान आहेत. १८९२ ला दार बंद झालं, १९२१ ला बंद झालं, मग १९४५ नंतर का झालं नाही? तिसऱ्या वेळी महार जास्त शूर लढले म्हणून? शौर्य तर तिन्ही वेळा तेच होतं. माझं म्हणणं असं की फरक रणांगणात नव्हता, रणांगणाबाहेर होता. तोवर महाड झालं होतं, काळाराम मंदिराचा लढा झाला होता, १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभं राहिलं होतं, बाबासाहेब त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झाले होते, पुढं संविधान आलं. दाराच्या फटीत संघटनेनं पाय घालून ठेवला होता.

शेवटचा दाखला 'बुद्ध आणि त्याचा धम्म'. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली मूळ इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यात सिद्धार्थ घर का सोडतो? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण पेटतं, शाक्यांचा संघ बहुमतानं युद्ध ठरवतो, सिद्धार्थ विरोधात उभा राहतो. सेनापती धमकी देतो: घरच्यांवर बहिष्कार पडेल, जमीन जप्त होईल. मग तो परागंदा होणं पत्करतो. म्हणजे आपल्या धम्माच्या कथेची सुरुवात पाण्याच्या भांडणात, युद्धाच्या ठरावात आणि बहिष्काराच्या धमकीत आहे. महाडनंतर तीस वर्षांनी निघालेल्या ग्रंथात पाणी आणि बहिष्कार पुन्हा यावेत, हा मला योगायोग वाटत नाही. पण त्याच ग्रंथात सिंह सेनापती येतो आणि विचारतो, न्यायासाठी लढणंही वाईट का? बुद्ध त्याला गप्प बस असं सांगत नाही. शांततेचे सगळे उपाय थकल्यावर न्यायासाठी लढणारा दोषी नाही, असं तो सांगतो. मारायची गरज आणि मारायची हौस यांत बाबासाहेबांचा बुद्ध फरक करतो. १९१८ मधला तोच भेद, ऊर्जा आणि हिंसा, आता धम्माच्या भाषेत आला. चाळीस वर्षांत माणसानं विचार बदलला नाही, तो खोल नेला.

आता आपल्या लिखाणाकडं वळतो, कारण हे पान त्यासाठीच आहे.

आपल्या कवितेत युद्ध फार आहे. दारूगोळा आहे, सुरुंग आहे, वणवा आहे. माझी तक्रार शब्दांबद्दल नाही. ज्यांना बोलूच दिलं नाही त्यांचा पहिला आवाज स्फोटासारखाच येणार. तक्रार ही की या सगळ्या दारूगोळ्यात खरा शिपाई कुठंच नाही. पेन्शनीच्या कागदावर अंगठ्याऐवजी सही करणारा शिपाई नाही. पलटणीतून आणलेल्या लोखंडी ट्रंकेत पदकाशेजारी मुलाची पाटी ठेवणारा नाही. तो सरहद्दीवर असताना घरी खोताचं शेत कसणारी, त्याचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेणारी बाई नाही. आपण युद्धाची उपमा घेतली आणि युद्ध भोगलेली माणसं सोडली. शौर्यगाथा आपल्याकडं वाढत चालल्या आहेत, त्या बऱ्याचदा ज्यांनी आपल्याला इतिहासात जागा दिली नाही त्यांच्याच पोवाड्याच्या चालीवर. तलवार तीच, घोडा तोच, फक्त वरचा माणूस बदलला. त्यांच्या चौकटीत आपलं चित्र लावलं की आपला इतिहास झाला, असं समजू नका. चौकट त्यांचीच राहते.

दंगली ज्यांना हव्या असतात त्यांना आपली पोरं पुढं हवी असतात, हेही लक्षात ठेवा. मर्दानगीची हाक आली की पहिली डोकी वाडीतली फुटतात, पहिल्या केसी वाडीतल्या पोरांवर लागतात. वकील करायला आईचे मणी गहाण पडतात. हाक देणारा तेव्हा कुठं असतो? अशा वेळी कुणी कानात 'तू लढवय्या' म्हणून फुंकर घातली तर त्याला आधी विचारा: जोर माझा, हुकूम कुणाचा?

मित्रांनो, एक साधं काम सुचवतो. आपापल्या वाडीत फिरा. पलटणीत गेलेल्यांच्या घरी जा. कोण कधी गेलं, कोणत्या पलटणीत, कधी परतलं, पेन्शन किती होती, आणि त्या पैशातून कोण शिकलं, हे लिहून काढा. बायकांना आधी विचारा, त्यांना जास्त आठवतं. पदकांचे फोटो काढायला हरकत नाही, पण शाळेचे दाखलेही मागा. एका घरातून एक पान आलं तरी चालेल, आपण ते स्टेन्सिलवर घेऊ. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण असं तालुक्यावार लावलं की कळेल, या जिल्ह्यात युद्धानं किती माणसं नेली आणि त्यांनी परत येताना काय आणलं.

माझा अंदाज असा की त्या यादीत बंदुका फार थोड्या निघतील, पुस्तकं पुष्कळ निघतील.